खाडी कुठून दाखवायची?

डोंबिवलीकराला खाडी कुठे आहे म्हणून विचारलं, तर तो बोट दाखवत नाही, नाक मुरडतो. हे मी दारोदार फिरून शिकले. खाडीत भराव टाकू नका, रेतीचे पंप बांधांपासून लांब ठेवा, अशी पत्रकं आमच्या गटाने वर्षभर वाटली. सायक्लोस्टाईलची शाई हाताला लागते म्हणून लोक ती दोन बोटांत धरायचे आणि दार लावून घ्यायचे. एका घरी मी दोन दिवसांनी पुन्हा गेले, तर आमच्या पत्रकावर भजी निथळत होती. "कागद चांगला जाड आहे हो तुमचा," बाई कौतुकाने म्हणाल्या.

आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे म्हणजे भिडेकाका, निवृत्त शिक्षक. ते एका बैठकीत म्हणाले, "वैजू, तुझं पत्रक वाचलं की वाटतं, खाडी मेलीच आहे. मेलेल्याला वाचवायला कोण येतं गं? लोकांना एकदा नेऊन उभं करू. बस करू. पण छान जागी उभं करायचं. नाकाला रुमाल लावून कुणी सह्या करत नाही."

मला राग आला. गुलाबाची बाग असेल तरच वाचवायची का? पण काकांचं खरं होतं. नवरात्रातल्या रविवारी बस न्यायचं ठरलं आणि त्याआधी खाडीकाठच्या देखण्या जागा हेरायचं काम माझ्याकडे आलं. अट अशी की बस जवळपास पोचली पाहिजे, वारा आपल्याकडून पाण्याकडे पाहिजे आणि बघण्यासारखं काहीतरी पाहिजे.

माझ्या मामेभावाकडे, शेखरकडे, कॅमेरा आहे. मामाकडे फटफटी आहे. चळवळीबद्दल दोघांकडेही मत नाही. मामाला शेखरने सांगितलं, ठाण्याला देवीच्या मंडपाचं काम बघायला जातो. मामाने टाकी फडक्याने पुसून गाडी दिली. "ओरखडा आला तर घरी येऊ नकोस," एवढंच म्हणाला.

शनिवार. ठाणे आणि पुढे

शीळफाट्यावरून मुंब्रा, कळवा, ठाणे. त्या रस्त्याचं वर्णन करत नाही, आपण सगळे तो कंबरेने ओळखतो. टेंभी नाक्यावर मंडपाचे बांबू रस्त्यात आडवे पडले होते. शेखरने त्यांचा एक फोटो काढला. "बाबांना पुरावा," तो म्हणाला.

चेंदणीच्या कोळीवाड्यात एक म्हातारे कोळीबाबा ओट्यावर जाळं विणत होते. आम्ही खाडी बघायला आलोय म्हटल्यावर त्यांनी मान वर न करता हाताने मागे दाखवलं. "बगा. बगायचे पैसे नाय घेत." त्यांच्या बायकोने मात्र आत बोलावलं. तव्यावर निवट्या तळत होत्या. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा, डोळे कपाळावर असलेला बोटभर मासा. शेखर ताटाकडे बघून कुजबुजला, "अगं, पितृपक्ष आहे."

मावशीने ऐकलं. "तुज्या पितरांना मासा आवडत नव्हता काय रं?"

शेखरच्या पितरांना काय आवडायचं ते मला माहीत आहे, कारण ते माझ्या आईचेही पितर. वरणभात आणि दुसऱ्याच्या चुका. मी चार निवट्या खाल्ल्या, काट्यासकट. शेखरने सहा.

घोडबंदरच्या रस्त्याला गायमुखाशी मात्र शेखरने न सांगता गाडी थांबवली. डावीकडून डोंगर उतरत येतो, उजवीकडे पाणी एवढं रुंद होतं की पलीकडची टेकडी निळी दिसते. मी वहीत 'थांबा एक' लिहिलं. आम्ही चिखलाकडे उतरलो, तर चिखलात नवेकोरे काँक्रीटचे खांब आणि तार. भरतीच्या पाण्यात कुंपण! काठी घेऊन एक पहारेकरी आला.

"फोटो नाही. साहेबांची जागा आहे."

"खाडी साहेबांची आहे?" मी विचारलं.

"पाणी उतरल्यावर जमीन दिसते ना, ती साहेबांची."

"आणि पाणी चढल्यावर?"

"तेव्हा मी जेवायला जातो."

तो विनोद करत नव्हता. मी पिशवीतून पत्रक काढलं, तेव्हा त्याने काठी आडवी धरली आणि शेखरने माझी ओढणी मागून ओढली. "चल ना गं बाई, गाडीवर मारेल तो." मला त्या माणसावर नव्हे, तार ओढायला सांगणाऱ्यावर ओरडायचं होतं, आणि तो तिथे कधीच नसतो. परतताना कशेळीच्या पुलाजवळ 'थांबा दोन' लिहिला आणि वारा फिरल्यावर लगेच खोडला. खोडलेलं वाचणाऱ्यांसाठी सांगते, नाकाला रुमाल लागतो.

रविवार. डोंबिवली पश्चिम, रेतीबंदर आणि एक बांध

त्या दिवशी सर्वपित्री होती. घरी गुरुजी यायच्या आत आम्ही सटकलो. मोठागावच्या रेतीबंदरावर रेतीचे ढीग, ट्रक, ओल्या रेतीतून गळणारं पाणी. तिथून दिवा स्टेशनच्या दिशेने खाडीच्या कडेकडेने एक वाट जाते. पुढच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. गावकऱ्यांनी तसं सांगितलंय.

ही वाट म्हणजे बांध आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भात, मध्ये मातीचा बांध. भरती आली की खाडीचं पाणी भाताच्या डोक्यापेक्षा उंच असतं. हे वाक्य कृपया पुन्हा वाचा. मी ते आमच्या पत्रकात छापलं होतं आणि मलाच ते कळलेलं नव्हतं.

अमावास्येचं उधाण होतं. दुपार चढत होती तसं पाणीही. तिवरांच्या झाडांचे फक्त शेंडे वर राहिले होते. बांधाचा माथा कुठे हातगाडीएवढा, कुठे त्याहून अरुंद, आणि वरून शेवाळलेला. शेखर पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय जमिनीला लावत गाडी नेत होता. मी मागे बसून डावीकडे बघितलं की पाणी, उजवीकडे बघितलं की खाली भात. घसरलोच तर कुठल्या बाजूला पडावं, याचा मी गंभीरपणे विचार केला.

आणि एका वळणावर बांध संपल्यासारखा वाटला. समोर नुसतं पाणी, पाण्याच्या टोकाला पारसिकचा डोंगर, आणि पाठीमागे निसवलेला भात, लालसर, वाऱ्याबरोबर खाडीकडे वाकणारा. बगळ्यांचा थवा उठला. पलीकडे मधोमध रेतीच्या लाँच उभ्या होत्या, पंपांचा घरघराट येत होता, पण तेवढ्याकडे पाठ केली तर डोंबिवलीपासून इतक्या जवळ असं काही असेल, यावर विश्वास बसला नसता.

"इथे बस आणायची," मी म्हटलं.

शेखरने गाडी स्टँडवर लावली आणि भात चौकटीत यावा म्हणून बांधाच्या आतल्या उतारावर उतरला. खालून त्याची हाक आली. "वैजू! अगं, झरा!"

खरंच झरा. बांधाच्या पायथ्याशी, भाताच्या कडेला, मुठीएवढ्या भोकातून पाणी उसळत होतं, बुडबुडे काढत. शेखरने फोटो घेतला. मी वहीत लिहिलं, 'थांबा तीन. नैसर्गिक झरा. मुलांना आवडेल.' मग ओंजळीत घेऊन प्यायले. खारट! आता तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता की नाही? मी काय म्हटलं असेल? म्हटलं, औषधी असेल. वज्रेश्वरीला गरम पाण्याचे आहेत, इथे खारट पाण्याचा.

बांधावरून एक बाई येत होत्या. कासोटा मारलेलं लुगडं, हातात पितळेची ताटली, ताटलीत केळीच्या पानावर भात, वडे, खीर. कावळ्यासाठी. त्यांचं नाव हिराबाई, हे नंतर कळलं. त्या हसून विचारणार होत्या बहुतेक, कोणाकडची पोरं म्हणून. तेवढ्यात शेखर कौतुकाने म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे झरा आहे!"

त्यांनी खाली बघितलं. ताटलीतलं पान खाली पडलं.

"झरा नाय त्यो! बांद फुटतंय!"

पितरांचा भात चिखलात, आणि बाई ताटली दगडाने बडवत गावाकडे ओरडत होत्या, "खांड! खांड परली रं! या!" खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. शब्दाचा अर्थ मला विचारावा लागला नाही, कारण तेव्हाच शेखरच्या पुढ्यातला बांध बसला. आवाजसुद्धा झाला नाही. वरची माती खचली, आणि मामाची फटफटी स्टँडवरून पुढे वाकली, आडवी झाली आणि त्या फटीत घसरत गेली. हँडल एका बाजूच्या मातीत रुतलं, कॅरिअर दुसऱ्या बाजूच्या. दोन्हीकडून, वरून, खालून खाडी आत यायला लागली.

गावातून माणसं आली. जास्त करून बायाच, कारण पुरुष पंगतीला बसले होते आणि त्यांना हात धुवायचे होते. बायांनी हात धुतले नव्हते. गोणपाटं आली, पेंढ्याचे भारे, तिवराच्या फांद्या, एक बाज, कुणाच्या तरी गोठ्याचं दार. शेखर छातीभर पाण्यात उतरून गाडीचं चाक ओढत होता. एक माणूस धावत आला आणि त्याने शेखरच्या दंडाला धरलं.

"सोर! सोर तिला!"

"माझ्या बाबांची गाडी आहे!"

"आता बांदाची हाय. ती कारलीस त खांड दुप्पट व्हल."

हा दामा, हिराबाईंचा दीर. अमावास्या-पुनवेला भरतीच्या वेळी एकेका घराने बांधावर फिरून पहारा करायचा, अशी गावाची रीत. त्या दिवशी पाळी दामाची होती, आणि दामा कळव्याला सासऱ्याकडे जेवून आत्ता कुठे परतत होता. त्याच्या कपाळावर तिथलं गंध अजून तसंच होतं.

"आलास?" हिराबाई खालून फांद्या दाबत म्हणाल्या. "वरं संपलं काय सासऱ्याचं?"

वरं म्हणजे वडे. दामा गाडीच्या टाकीवर पाय देऊन उभा राहिला आणि फांद्या तिच्या चाकांत विणायला लागला. पेंढा, गोणपाट, वर चिखल. मामाची फटफटी आमच्या डोळ्यांदेखत पुरली जात होती, आणि तीच पाणी अडवत होती.

"यांनीच फोरला बांद," मागून एक बाई म्हणाली. "फटफट्या आनतात वर."

झालं. माझं टाळकं सटकलं. "आमच्या गाडीने? तो पाझर आम्ही यायच्या आधीपासून होता! पायथा कुणी खाल्ला? ते पंप बघा! खाडीच्या तळातली रेती ओढली की बांधाची माती खाली घसरते. वर्षभर आम्ही ओरडतोय. तुमच्यातला एक माणूस सभेला आला नाही! आणि प्रशासन..."

"पोरी," हिराबाई म्हणाल्या, "भाषण मागून. चिखल दे."

मी चिखल दिला. पहिला गोळा वाळक्या मातीचा दिला, तो साखरेसारखा विरघळला आणि शेजारच्या बाईने मला अशी शिवी दिली जी मी आजवर फक्त पुरुषांच्या तोंडी ऐकली होती. चिखल काळा, चिकट, खालचा हवा, त्यात पेंढा मळलेला हवा. शेताच्या कडेपासून खांडीपर्यंत बायांची रांग लागली, हातातून हातात गोळे. बोलणं बंद. भात माझ्या डाव्या हाताला होता, कंबरेएवढा, भरलेला. खारं पाणी त्याच्यात एकदा भरलं, तर हे पीक तर गेलंच, पुढचे दोन-तीन पावसाळे ती जमीन मीठ ओकत राहते. हे मला कुणी सांगत नव्हतं. माझ्याच पत्रकातलं होतं. दामाने पाण्याच्या कडेला एक काठी रोवली होती. जो तो गोळा पुढे देताना काठीकडे बघत होता. पाणी अजून चढत होतं.

खांड जवळजवळ भरली, आणि तेव्हा मधली एक लाँच रेती भरून निघाली. आमच्याच बाजूने.

"लाटा येतील," दामा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

हिराबाई वळल्या, बांधाच्या आतल्या बाजूला त्या ओल्या बुजवणीला पाठ लावून बसल्या आणि पाय चिखलात रोवले. मग दुसरी, तिसरी. बघता बघता सगळ्या बाया खांद्याला खांदा लावून, पाठीने बांध धरून बसल्या. मला कुणीतरी हाताला धरून मध्ये बसवलं. माझ्या पाठीत फटफटीचं हँडल टोचत होतं.

पहिली लाट आली. पाठीमागची माती श्वास घेतल्यासारखी हलली. डोक्यावरून पाणी सांडलं. दुसरी लाट. लाँचवरून कुणीतरी हसून ओरडलं, "ओ बाय, आंगोल चाललीय काय?"

मी उठायला गेले. त्या माणसाला मला काय काय सांगायचं होतं! हिराबाईंनी माझी वेणी धरून खाली बसवलं आणि स्वतः ओरडल्या, "बालू! मेल्या, तुजंच शेत हाय मागं!"

लाँचचं इंजिन बंद झालं. लाँच लाटा न करता वाहत पुढे गेली.

"तुमच्या गावचा आहे तो?" मी विचारलं.

"गावची तीन पोरं हाईत लाँचीवर. भातानं पोट भरतंय काय वर्षाचं?"

याला माझ्याकडे पत्रक नव्हतं. रेतीवाले एका बाजूला, गाववाले दुसऱ्या बाजूला, अशी आम्ही रेघ मारली होती. ती रेघ एकाच घराच्या मधून जात होती. रेती उपसायला लावणारा मात्र त्या लाँचीवरही नव्हता आणि बांधावरही. कालच्या कुंपणवाल्या साहेबासारखाच, कुठेतरी जेवायला गेलेला असेल.

किती वेळ बसलो माहीत नाही. पाय बधिर झाले. मग दामा म्हणाला, "थांबलं." काठीवरची ओली रेघ पाण्याच्या वर दिसायला लागली होती. कुणी आनंदाने ओरडलं नाही. एक बाई रडली, दुसरीने तिला म्हटलं, "उठ, म्हस पिलायची ऱ्हायली."

हिराबाईंकडे

ओहोटी लागेपर्यंत आम्ही त्यांच्या घरी जेवलो. आमच्या घरी त्या दिवशी गुरुजींचं पान आधी, मग पुरुष, मग आम्ही. इथे ज्याच्या अंगावर जास्त चिखल त्याला आधी वाढलं. तांदळाची भाकरी, वडे, भोपळ्याची भाजी, खीर. शेखरने विचारलं, "कावळा शिवला का शेवटी?"

"कोन बगतंय रं! कोंबऱ्यांनी खाल्लान."

"मग पितर रागावतील ना?"

"रागावतील कशाला? बांद त्यांनीच घातलेला."

पाणी उतरल्यावर दामाने दोरखंड आणून गाडी बाहेर काढली. आधी बाहेरच्या अंगाने नवा चिखल, मग एकेक इंच गाडी, आणि गाडी सरकेल तशी तिच्या जागी गोणपाटं. पुढचा लोखंडी गार्ड मात्र आतच अडकला. शेखर ओढायला लागला, तर दामा म्हणाला, "ऱ्हाउं दे. धरून ठेवल." शेखरने माझ्याकडे बघितलं, मग टाकीवरच्या, मामाने पुसलेल्या टाकीवरच्या, पायाच्या ठशांकडे. "ओरखडा नाहीये," तो म्हणाला आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. गाडी ढकलत डोंबिवलीपर्यंत आणली. मामाचं बोलणं इथे छापण्यासारखं नाही.

निघताना हिराबाईंनी मला बुजवलेल्या खांडीपाशी अडवलं. "अशीच चाललीस? गोला टाक."

बुजवलेली खांड पुनवेचं उधाण सोसेपर्यंत कच्चीच. तोपर्यंत जो कुणी बांधावरून जाईल, त्याने चिखलाचा एक गोळा घालायचा आणि पायाने दाबायचा. पाहुणा असो, वैरी असो. न घालता ओलांडायचं नाही. आम्ही घातला. आमच्या मागे लाँचीवरचा बाळू उभा होता, मान खाली घालून, हातात गोळा घेऊन. दामाने दोन घातले.

बसबद्दल

फोटो धुऊन आले. गायमुख छान आलंय. पण सगळ्यांत सुंदर आलाय तो झरा. भातात सांडणारं ऊन, मधोमध उसळणारं पाणी. भिडेकाकांनी तो फोटो लांब धरून बघितला. "वा! हाच तिसरा थांबा."

"काका, तो आम्ही बुजवला."

त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग आता तिथे बघायला काय आहे?"

"काही नाही. ओल्या मातीचा तुकडा आहे."

"आणि लोकांना तिथे न्यायचं?"

"तिथेच न्यायचं. बाकीचे थांबे नसले तरी चालतील."

काका फोटोकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं ते एवढंच, "चप्पल काढावी लागेल का गं?"

तर हे डोंबिवलीकरांसाठी. बस येत्या रविवारी सकाळी निघेल. रुमाल आणलात तरी चालेल, वास येतो, खोटं कशाला सांगू? सह्यांचा कागदही असेल, पण तो नंतर. हात रिकामे ठेवा. रेतीबंदराच्या पुढे उतरून थोडं चालायचंय, एका रांगेत. वळणावर बांध काळा दिसेल, तिथे थांबायचं. शेखर तिथे फावडं घेऊन उभा असेल. मामा येणार नाही म्हणाला होता, आता येतो म्हणतोय, त्याला त्याचा गार्ड बघायचाय. तो दिसणार नाही, आत आहे.

एकेक गोळा घाला आणि पायाने नीट दाबा. पुनव त्यानंतर आठच दिवसांनी आहे.